आचऱ्याच्या अच्युत कानविंदेंनी कॉम्प्युटर नसताना इमारतीतल्या गरम हवेचा रस्ता कागदावर काढला होता

मुंबईतल्या शाळांची सहल म्हटली की राणीच्या बागेनंतर हमखास नंबर लागतो तो वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरचा. तिथले आरसे, लोलक आणि डायनासोर सगळ्यांना आठवतात. पण ती इमारत कुणी काढली असं विचारलं तर पोरं सोडा, बाईही गप्प बसतात.

दिल्लीचं नॅशनल सायन्स सेंटर, दिल्लीचंच इस्कॉन मंदिर, आयआयटी कानपूरचा कॅम्पस, आणि पुण्यात ज्या संस्थेमुळे एका रस्त्याला एनआयबीएम रोड म्हणतात ती एनआयबीएम. ही सगळी कामं एकाच आर्किटेक्टच्या नावावर आहेत, आणि हा माणूस आपल्या सिंधुदुर्गातला.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे.

देवगडहून किनाऱ्याच्या रस्त्यानं खाली निघालात की मिठबाव, मुणगे करत देवगड तालुका संपतो आणि खाडीपलीकडे मालवण तालुक्यातलं आचरा लागतं. रामेश्वराचं आचरा. गावपळणीचं आचरा, जिथं दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. या गावात 1916 मध्ये कानविंदे जन्मले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो 1981 मध्ये झाला. आचरा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचं.

आई लहानपणीच गेली. वडील मुंबईत कलाशिक्षक होते, स्वतः चित्रकार, पोर्ट्रेट आणि निसर्गचित्रं काढणारे. म्हणजे पोराच्या हातात पेन्सिल येणार हे ठरलेलंच होतं. फक्त या पेन्सिलीनं पुढं माणसांच्या चेहऱ्यांऐवजी भिंती, जिने आणि हवेचे रस्ते काढले.

आता हवेचे रस्ते हे काय प्रकरण आहे?

कोकणातलं जुनं घर बघा. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पुढं ओटी, बाजूनं पडवी, मधे माजघर, वर माळा आणि त्यावर उतरतं कौलारू छप्पर. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो पडवीच्या सावलीतून आत शिरतो. घरातली तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि उलटा कारभार चालू होतो. या घरांचा नकाशा कुठल्याही इंजिनियरनं काढलेला नव्हता, पण हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हे घर बांधणाऱ्या गवंड्याला पक्कं ठाऊक असायचं.

इमारत मोठी झाली की हे गणित अवघड होतं. शंभर माणसं बसणारा हॉल, चार मजली लॅब किंवा दुधाचा कारखाना कौलांच्या फटींवर चालत नाही. तिथं ऊब, गारवा आणि ताजी हवा यांचं वेगळं प्लॅनिंग लागतं. इंजिनियर त्याला एचव्हीएसी म्हणतात, म्हणजे हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एअर कंडिशनिंग. आज हे काम कॉम्प्युटरवर होतं. कानविंदेंच्या उमेदीत ते टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि स्लाइड रूलवर व्हायचं.

तर कानविंदे 1935 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आर्किटेक्चर विभागात दाखल झाले. विभागाचे प्रमुख होते क्लॉड बॅटली. इंग्रज माणूस, पण विलायतेतल्या इमारती इथं जशाच्या तशा आणून ठेवायला त्यांचा विरोध होता. जुन्या भारतीय वास्तू मोजून, त्यांची ड्रॉइंग काढून शिकायचं ही त्यांची पद्धत. 1942 मध्ये कानविंदेंचं शिक्षण पुरं झालं.

युद्ध संपत आलं होतं आणि देश स्वतंत्र होणार हे दिसत होतं. नव्या देशाला प्रयोगशाळा लागणार होत्या आणि प्रयोगशाळा कशा बांधायच्या हे इथं फारसं कुणाला माहीत नव्हतं. म्हणून सरकारनं काही तरुणांना परदेशी शिकायला धाडायचं ठरवलं. त्यात कानविंदेंचा नंबर लागला. 1945 मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले.

तिथं गुरू भेटले वॉल्टर ग्रोपियस. जर्मनीत बाउहाउस ही जगप्रसिद्ध कलाशाळा काढणारा आणि नाझींच्या काळात देश सोडावा लागलेला माणूस. आर्किटेक्टनं एकट्यानं बसून सुंदर चित्र काढायचं आणि नंतर इंजिनियरला बोलावून त्यात पाईप घुसवायला सांगायचं, हा प्रकार ग्रोपियस यांना मान्य नव्हता. सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाभोवती बसावं असा त्यांचा आग्रह होता.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते कुठल्याही नव्या ऑफिसच्या साइटवर गेलात की कळतं. इमारत उभी राहिलेली असते, मग डक्टवाला येतो. डक्ट म्हणजे थंड हवा वाहून नेणारी पत्र्याची मोठी नळी. ती जाणार त्या जागी नेमका काँक्रीटचा बीम असतो. मग डक्ट बीमच्या खालून वळवतात, त्यासाठी फॉल्स सीलिंग फूटभर खाली येतं, वळणामुळे हवेचा जोर कमी होतो, म्हणून पंखा मोठा बसवतात, पंखा मोठा म्हणून आवाज वाढतो आणि विजेचं बिलही. सगळं कशामुळे, तर नकाशा काढताना बीमवाला आणि हवावाला एकमेकांशी बोलले नाहीत.

परत आल्यावर कानविंदे सीएसआयआरमध्ये, म्हणजे देशभरच्या वैज्ञानिक प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेत, आर्किटेक्ट म्हणून रुजू झाले. याच सुमारास अहमदाबादमध्ये विक्रम साराभाई कापड गिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी करत होते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची इमारत कानविंदेंनी केली. साराभाईंच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचं कामही त्यांच्याकडेच आलं.

कापडाची लॅब म्हणजे हवेच्या बाबतीत भलतीच नाजूक जागा. सूत ओल पितं. दमट हवेत त्याचं वजन आणि ताकद एक येते, कोरड्या हवेत दुसरी. त्यामुळे धाग्याची चाचणी घ्यायची तर खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांवर आणि तापमान ठराविक आकड्यावर धरून ठेवावं लागतं. एअर कंडिशनिंगचा जन्मही अशाच भानगडीतून झालाय. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात ओलीमुळे कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनियरनं त्यावर यंत्रणा काढली. माणसांना गारेगार वाटावं हा विचार नंतरचा. आधी कागद आणि सूत, मग आपण.

अटिराची इमारत हार्वर्डहून नुकत्याच आलेल्या माणसाची वाटते. सरळ रेषा, साधे चौकोन, सजावट नाही. अहमदाबादचा उन्हाळा आणि हा युरोपातून आलेला साधेपणा यांचं कितपत पटतं हा प्रश्न तेव्हाच्या सगळ्याच नव्या इमारतींना होता. कानविंदेंचं कौतुक यात आहे की ते तिथं अडकून राहिले नाहीत. पुढच्या कामांत सावली वाढली, वीट आली, उघडं काँक्रीट आलं, आणि हवा, पाणी, वाफ वाहून नेणारे भाग भिंतीत लपवण्याऐवजी बाहेर दिसायला लागले.

1955 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत कानविंदे अँड राय ही स्वतःची फर्म काढली.

फर्मचं मोठं काम म्हणजे आयआयटी कानपूर. 1959 मध्ये ही आयआयटी सुरू झाली ती उसन्या जागेत. पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर. तेही मराठी, आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले आणि आयआयटी मुंबईच्या उभारणीत राबलेले. म्हणजे गंगेकाठच्या या कॅम्पसचा नकाशा ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसं होती. ते आपसात मराठीत बोलायचे का, हा अभ्यासाचा विषय आहे.

कानपूरचा उन्हाळा 45 अंशांना टेकतो आणि हिवाळ्यात हाडं गोठतात. तिथं कानविंदेंनी वर्ग, लॅब आणि लायब्ररी एकमेकांना जोडणारे दुमजली झाकलेले रस्ते काढले. खालून चाला नाहीतर वरून, डोक्यावर ऊन येत नाही. गाड्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या. मध्ये झाडं आणि पाणी. याला एसी म्हणत नाहीत हे खरं, पण हजारो पोरं रोज दहा वेळा ज्या वाटेनं जातात ती वाट सावलीत ठेवणं हेही गारव्याचंच प्लॅनिंग आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

आता गंमत बघा. 1963 मध्ये या कानपूरच्या आयआयटीत अमेरिकी मदतीतून आयबीएम 1620 हा कॉम्प्युटर आला. भारतातल्या शिक्षणसंस्थांमधल्या अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटरांपैकी एक. त्या काळातली ही मशिन्स थंड खोलीतच चालायची. त्याच 1963 मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं स्केचपॅड नावाचा प्रोग्राम दाखवला. स्क्रीनवर लाइट पेन टेकवून रेघ काढायची आणि कॉम्प्युटर ती सरळ करून देणार. आजच्या सगळ्या कॅड सॉफ्टवेअरचा हा पणजोबा. ज्या नऊ अमेरिकी संस्था कानपूरच्या आयआयटीला मदत करत होत्या, त्यांत एमआयटीही होती.

म्हणजे कॅम्पस बांधला जात होता हातानं काढलेल्या ड्रॉइंगवर, आणि हातानं ड्रॉइंग काढायचं काम ज्यामुळे संपणार होतं ते मशीन त्याच कॅम्पसमध्ये येऊन बसलं होतं. पण त्याला अजून वेळ होता. ऑटोकॅड बाजारात यायला 1982 उजाडलं.

कानविंदेंचं हवेचं काम बघायचं असेल तर मात्र कानपूर नाही, गुजरातमधल्या मेहसाण्याला जावं लागतं. दूधसागर डेअरीला. काम 1970 ते 1973 मधलं.

डेअरीची अडचण अशी की तिथं तापवणं आणि गार करणं एकाच छताखाली चालतं. दूध आलं की ते 72 अंशांपर्यंत तापवून 15 सेकंद तसंच ठेवायचं, म्हणजे जंतू मरतात. लगेच ते 4 अंशांपर्यंत खाली आणायचं. पावडर करायची तर गरम हवेच्या झोतात दुधाची फवारणी. म्हणजे वाफेचे पाईप, बॉयलर, थंड पाण्याचे पाईप, कॉम्प्रेसर सगळं शेजारी शेजारी. बाहेर मेहसाण्याचं 40 च्या वरचं ऊन. वाफेची उष्णता आत कोंडली तर कामगार भाजून निघणार, आणि गार करणाऱ्या यंत्रांवरचा भार वाढणार तो वेगळाच. दूध नासलं तर नुकसान सभासद शेतकऱ्याचं, ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत.

कानविंदेंनी यावर काय केलं, तर हवा बाहेर काढणारे उभे शाफ्टच इमारतीचा चेहरा करून टाकले. शाफ्ट म्हणजे विहीर उलटी करून छपरावर उभी केल्यासारखी पोकळ मनोरेवजा वाट. दूरवरून बघितलं की डेअरीच्या छपरावर ओळीनं किल्ल्याचे बुरूज उभे आहेत असं वाटतं. शोभेसाठी असतील असं कुणालाही वाटावं. ते इमारतीची नाकं आहेत.

ही नाकं एवढी मोठी का, ते गणितानं कळतं. 40 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा जेमतेम 3 टक्के हलकी असते. 10 मीटर उंच शाफ्टमध्ये आत 40 आणि बाहेर 30 अंश असतील, तर हवा वर ढकलणारा दाब भरतो साधारण 3.6 पास्कल. म्हणजे पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटर थरापेक्षाही कमी. एवढ्याशा जोरावर हवा वर न्यायची तर वाट रुंद हवी आणि सरळ हवी. एक-दोन वळणं घातली की जोर तिथंच संपला. शिवाय हवा दुप्पट हवी असेल तर शाफ्टची उंची दुप्पट करून भागत नाही, ती चौपट करावी लागते. त्यापेक्षा तोंड दुप्पट मोठं केलेलं बरं.

म्हणूनच असा शाफ्ट मागाहून बसवता येत नाही. खांब कुठं, बीम कुठं, यंत्रं कुठं हे ठरवतानाच तो मधे उभा करावा लागतो. ग्रोपियस यांच्या टेबलाभोवती एकत्र बसायचं म्हणजे काय, याचं मेहसाण्यापेक्षा चांगलं उदाहरण निदान मला तरी भारतात दिसत नाही.

आणि हे सगळं कागदावर. इमारतीचा उभा छेद काढायचा, त्यावर हवा कुठून येईल आणि कुठून जाईल ते बाणांनी दाखवायचं. मग दुसऱ्या ट्रेसिंगवर बीम, तिसऱ्यावर पाईप. तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरायचे. कुठं रेघेवर रेघ आली की कुणीतरी हलायचं. एक खांब सरकला तर तिन्ही कागद खरवडून पुन्हा काढायचे.

आजच्या रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच एका मॉडेलमध्ये होतं. भिंत काढली की तिची जाडी, सामान, दिशा सगळं सोबत जातं. डक्ट बीमला आपटला तर स्क्रीनवर लाल खूण येते. उष्णतेचा हिशोबही आपोआप निघतो. भिंतीतून किती उष्णता आली, काचेतून किती, दिव्यांची किती, माणसांची किती. नुसता खुर्चीत बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता सोडतो, म्हणजे भरलेला 200 जणांचा हॉल हा 20 किलोवॅटचा हीटरच. 1 टनाचा एसी तासाभरात जेवढी उष्णता ओढतो ती साडेतीन किलोवॅटच्या हीटरएवढी, म्हणजे फक्त माणसांसाठीच जवळपास 6 टन. त्यापुढं जाऊन काही प्रोग्राम खोलीचे लाखो बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यातली हवा कुठं जाईल तेही दाखवतात.

देवगडला हे सगळं लांबचं वाटायचं कारण नाही. आंब्याची अढी घालणाऱ्याला उष्णतेचं प्लॅनिंग शिकवावं लागत नाही. भाताच्या पेंढ्यात फळं किती थर लावायची, मधला थर तापतोय का, कधी उलटायची, हे हातानं कळतं. आता अढीच्या जोडीला रायपनिंग चेंबर आले. तिथं सॉफ्टवेअरवर हिशोब असा चालतो. 10 टन हापूस 32 अंशांवरून 20 अंशांवर आणायचा, 12 तासांत. फक्त फळांच्या अंगातली उष्णता काढायलाच सुमारे 3 टनांची यंत्रणा खपते. वर पिकताना फळ स्वतः उष्णता सोडतं ती वेगळी, दार उघडलं की आत येणारी वेगळी, पंख्याच्या मोटारीची वेगळी. आणि क्रेट भिंतीला चिकटवून रचले, हवेला वाट ठेवली नाही, तर मधला आंबा आधी पिकतो आणि कडेचा हिरवा राहतो. वाट ठेवायची की आणखी दोन रांगा क्रेट बसवायचे, हे चेंबरच्या मालकाला ठरवावं लागतं. प्रोग्राम फक्त दोन्हीचे आकडे दाखवतो.

मेहसाण्यानंतरही कानविंदे थांबले नाहीत. 1985 मध्ये वरळीचं नेहरू सायन्स सेंटर खुलं झालं, 1992 मध्ये दिल्लीचं नॅशनल सायन्स सेंटर, 1998 मध्ये इस्कॉन मंदिर. मधल्या काळात ते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे अध्यक्ष झाले, पद्मश्री मिळाली, संस्थेचं बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक मिळालं. कॅम्पस कसे आखावेत यावर जेम्स मिलर यांच्यासोबत 1969 मध्ये त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं.

2002 च्या डिसेंबरमध्ये कानविंदे गेले. वय 86. त्यानंतर पाच वर्षांनी, 2007 मध्ये, मोठ्या इमारतींनी वीज किती जपून वापरावी याची नियमावली भारतात आली. इमारतीचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवून ती नियमात बसते हे दाखवायची सोयही तिच्यात आहे. त्यांची फर्म पुढच्या पिढीनं दिल्लीत चालू ठेवली.

पुढच्या वेळी अहमदाबादवरून अबू-अंबाजीकडे निघालात तर वाटेत मेहसाणा लागतं. डेअरीच्या छपराकडे मान वर करून बघा, शाफ्ट मोजा.